काटा कुठं आला, तात्या?

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. पलूसच्या स्टँडामागं चिंचेखाली माझं गॅरेज होतं. गिऱ्हाईक आलं की आधी माझं तोंड बघायचं आणि मग गाडीचं दुखणं सांगायचं. पाना सटकला तर मी पान्याला शिव्या घालायचो, बोल्टाला घालायचो, आणि मालक जवळ उभा असला तर त्यालाही सोडायचो नाही. "सयाजी मिस्त्रीचा हात देवाचा, पर त्वांड राक्षसाचं," असं लोक म्हणायचे. म्हणेनात का! पण एक माणूस असा होता की ज्याच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता. नाथाजीतात्या. आणि चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात मी नेमका त्यांच्यावरच ओरडलो. अजून आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तात्या लालासाहेबांच्या ट्रकावर ड्रायव्हर होते. लालासाहेब म्हणजे आमच्याकडचे ऊसवाले बागायतदार. लढाईच्या काळातला एक अमेरिकन ट्रक त्यांनी पुण्याला मिलिटरीच्या लिलावात घेतला होता. फुगीर बॉनेट, बेडकासारखे दिवे, आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला. तात्या स्वतः लढाईत बर्माला जाऊन आलेले, असल्याच ट्रकांवर त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. ट्रक गावात आला त्या दिवशी त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही माझीच हाय. बर्माला आराकानच्या रानात हिच्यातच निजायचो मी."

आता मिलिटरीत असले हजारो ट्रक. पण वाद कोण घालणार? सांगताना तात्यांची नजर कुठंतरी लांब लागायची. मग ऐकणाऱ्यालाही चिंचेखाली बसल्या बसल्या बांबूचं रान दिसायला लागायचं, धुक्यातनं एकामागं एक चाललेल्या गाड्या दिसायच्या, आणि दुपार कधी कलली ते कळायचं नाही. मी हातातलं काम टाकून ऐकत बसायचो. दुसऱ्या कुणी माझा तसा वेळ खाल्ला असता तर मी त्याला हाकलून दिला असता.

तात्यांचं आणखी एक होतं. गेली दोन वर्षं ते बायकोला, मनुबाईला, गाडीत शेजारी बसवून न्यायचे. गूळ घेऊन लोणंदला जायचं असो नाहीतर सांगलीच्या पेठेत, मनुबाई आपली डोईवर पदर घेऊन केबिनमध्ये हजर. सगळा गाव चेष्टा करायचा. मी तर जास्तच.

"तात्या, म्हातारपणी जोडीनं हिंडताय, दृष्ट लागंल बरं!"

यावर तात्या नुसते हसायचे. उत्तर मनुबाई द्यायची. "लागू दे की! तुझ्या अंजनाला कवा न्हेलंस रं कुठं? बिचारी चुलीम्होरं वाळली." अंजना म्हणजे माझी बायको. मग मी पाना उचलून गाडीखाली शिरायचो.

तर त्या चैत्रात एका मंगळवारी दुपारी लालासाहेब स्वतः ट्रकाबरोबर गॅरेजात आले. तात्या मागं खाली मान घालून उभे होते.

"सयाजी, हिचा पेट्रोलचा काटा चालू करून दे," लालासाहेब म्हणाले.

तो काटा लिलावातनं आला तेव्हापासनंच मेलेला होता. तात्या बाभळीच्या काठीवर काम भागवायचे. काठीला चाकूनं खाचा पाडलेल्या, एका खाचेला एक गॅलन. काठी टाकीत बुडवायची, वर काढायची आणि ओल कुठवर आली ते अंगठा फिरवून बघायचं. मला ते लय रुबाबदार वाटायचं. दुसरे ड्रायव्हर काठी डोळ्यांपुढं धरून तिरपी करून बघायचे. तात्या दुसरीकडं बघत, गप्पा मारत, नुसत्या अंगठ्यानं सांगायचे, "सात गॅलन."

पण आदल्या आठवड्यात घोटाळा झाला होता. मनुबाई लेकीच्या बाळंतपणाला विट्याला गेली होती, म्हणून तात्या एकटेच लोणंदला गेले. तिथं पाण्याची घागर काठीवर कलंडली. काठी वरपर्यंत ओली, अंगठ्याला ती पेट्रोलचीच ओल वाटली, आणि तात्या टाकी भरलेली समजून कांद्याची पोती घेऊन निघाले. सालप्याच्या घाटात गाडी आचके देऊन उभी राहिली. ती तीन तास तिथंच.

"बरं त्या दिवशी पोती होती," लालासाहेब म्हणाले. "शुक्रवारी शिखराला देवाच्या जत्रंला जायाचंय. चाळीस माणसं, निम्मी बायकापोरं. तिथं वाटंत उन्हात गाडी उभी राह्यली तर लोकं मला जोड्यानं हानतील. आनि आमची आई हाय संगं. ती म्होरं बसंल केबिनात, तात्यांच्या शेजारी. मनुबाई बसंल मागं बायकांत."

तात्यांनी एकदम मान वर केली. "मनूला म्होरंच बसू द्या की मालक. तुमच्या आईस्नी, लीलाबाईस्नी, मागं मऊ गवात घालून देतो."

"खुळं का काय तुमी? आईला ट्रकाच्या हौद्यात बसवू?" लालासाहेब हसून निघून गेले. मीही हसलो. तात्यांना बायकोशिवाय करमत नाही, असं मला वाटलं. दुसरं काही डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. अंजनानं आणि माझ्या दोन्ही पोरींनी त्या ट्रकात कधीच जागा धरून ठेवली होती. घरात तेवढीच बडबड चालू होती.

मी टाकीवरचं झाकण खोललं. टाकीत एक पत्र्याचं युनिट असतं. त्याला लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला बुचाचा फ्लोट. पेट्रोल चढलं की फ्लोट तरंगत वर येतो, उतरलं की खाली जातो, आणि त्याप्रमाणं तारेतनं काट्याला कळतं. या गाडीचा फ्लोट पेट्रोल पिऊन पिऊन भिजल्या भाकरीसारखा झाला होता, आणि आतली बारीक तार तुटून गेली होती. असलं युनिट नवं कुठं मिळणार? बुधवारी पहिल्या गाडीनं सांगली गाठली. तिथल्या भंगारवाल्यांकडं सकाळभर घाम गाळत हिंडलो, चौघांशी भांडलो, पाचव्याकडं मिळालं. दुसऱ्याच कुठल्यातरी जुन्या गाडीचं, पण भोकं बरोबर पाच. दांडी थोडी आखूड होती. ती वाकवून टाकीच्या मापाला आणली आणि बुचाला लाखेचे दोन हात दिले, म्हणजे पेट्रोल आत शिरायला नको.

गुरुवारी दुपारी बसवायला घेतलं. गॅरेजात आम्ही दोघंच. चिंचेच्या पानांतनं ऊन गळून खाली पडत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, लांब कुणाच्या तरी मळ्यात इंजिन एका लयीत ठकठकत होतं. ट्रक त्या सावलीत असा उभा होता की तो गाडी आहे की झोपलेलं जनावर, हे सांगता येऊ नये.

युनिट टाकीत बसवण्याआधी बाहेरच तपासायचं असतं. त्याला दोन माणसं लागतात. एकानं युनिट हातात धरून दांडी वरखाली करायची, दुसऱ्यानं केबिनात बसून काटा कुठं आला ते ओरडून सांगायचं. मी टाकीच्या तोंडावर ओला बोळा दाबला, तार जोडली, आणि तात्यांना स्टिअरिंगवर बसवलं.

"स्विच दाबा, तात्या! वर घेतोय हां. काटा कुठं आला?"

"हालला!" तात्यांचा आवाज आला. "पाव झाला."

"आणखी वर घेतोय."

"अर्धा! अर्ध्यावर आला गड्या."

"आता पार वर!"

"फुल्ल! फुल्ल झाला बघ! शाबास सयाजी!"

मला असा आनंद झाला म्हणता! मी हळूहळू दांडी खाली घेतली, तात्या आतनं सांगत गेले, पाऊण, अर्धा, पाव. बेस्ट काम. पाना उचलायला मी खाली वाकलो आणि मला अर्थिंगची तार दिसली. तिचा चिमटा धुळीत पडला होता. मी तो युनिटला लावायचाच विसरलो होतो.

आता ही तार लावली नसेल तर काटा हलत नाही. केसभरही नाही. दांडी वर करा नाहीतर तिला घेऊन नाचा, काटा शून्यावर बसून राहतो.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हा म्हातारा माझी टर उडवतोय. सांगलीत पायपीट केली, भंगारात हात कापून घेतले, आणि ह्यांना चेष्टा सुचतेय! मी पाना आपटला आणि केबिनच्या दारावर जाऊन ओरडलो, "थट्टा करताय व्हय माझी? तार तिथं मातीत पडलीया! काटा हललाच कसा? पाव म्हणं, अर्धा म्हणं! मी काय इथं झक मारतोय का?"

तात्या हसतच होते. ते हसू हळूहळू गेलं. त्यांनी समोरच्या बोर्डावर हात ठेवला, काचेवर बोटं फिरवली.

"मंग काटा हाललाच न्हाई?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांचं बोलणं ऐकलं होतं, डोळे कधी निरखले नव्हते. बुबुळांवर दोन्हीकडं पांढरट पडदा आला होता. ते बोलताना लांब कुठंतरी बघायचे असं मला वाटायचं. ते कुठंच बघत नव्हते.

"तात्या," मी म्हणालो, "तुमाला दिसत न्हाई?"

"दिसतंय की. पर दुधातनं बघितल्यागत."

मी पलीकडून चढून त्यांच्या शेजारी बसलो. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बोलायला लागले, ते मला सांगत होते का स्वतःलाच, कोण जाणे.

"पयलं चांदण्या गेल्या. मंग मैलाचे दगड गेले. म्हनलं आराकानातलं धुकं परत आलंय, जाईल. गेलं न्हाई. पर सयाजी, रस्ता काय डोळ्यानंच दिसतो व्हय? कऱ्हाडचा पूल आला की थंड वारं मांडीला लागतंय. वडाची झाडं सुरू झाली की ऊनसावली तोंडावरनं पळत जातीया, तवा समजायचं आता अतीत गाव आलं. गुऱ्हाळाचा वास संपला की वळान. घाटात इंजिनाचा आवाज कड्यावरनं माघारी येतोय, तो जवळ आला की डोंगर जवळ. मला सगळं दिसतंय. निजंत बी दिसतंय."

ऐकता ऐकता मलाच तो रस्ता तसा दिसायला लागला, वासावासानं आणि सावलीसावलीनं. क्षणभर मी भुललो. मग माझ्या अंगावर काटा आला.

"आणि म्होरनं येणारी गाडी? आडवं आलेलं पोर?"

तात्यांनी स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. मग हळूच म्हणाले, "मनू सांगती."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत ड्रायव्हरला उजवीकडचं नीट दिसत नाही, शेजारी बसलेल्यानं "येऊ दे", "थांब" म्हणायची पद्धतच असते. त्यामुळं मनुबाई बोलायची त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. दोन वर्षं तिनं डोळ्यांत तेल घालून रस्ता बघितला, आणि आम्ही दात काढत बसलो. सालप्याच्या घाटात मात्र ती नव्हती. तात्या एकटे गेले होते. पेट्रोल संपण्यावरच भागलं, नाहीतर काय झालं असतं देव जाणे.

आणि उद्याही ती शेजारी नसणार होती.

"तात्या, उद्या न्हाई जायाचं तुमी," मी म्हणालो.

"येवढी एक फेरी, सयाजी. शिखराचा रस्ता मला पाठ हाय. परत आलो की तूच सांग मालकास्नी. गाडी सुटली तर मी काय करू रं? घरात बसून भितीकडं बघू? भित बी दिसत न्हाई मला."

"माझ्या दोन पोरी हायत त्या गाडीत!"

मी हे मोठ्यानं बोललो नव्हतो. पण तात्यांना ते लागलं. मळ्यातलं इंजिन तेवढं ठकठकत होतं. शेवटी तात्या म्हणाले, "तार लाव. काम पुरं कर आपलं."

मी चिमटा लावला, पुन्हा तपासलं. या वेळी धावत जाऊन काटा मीच बघून आलो. मग पॅकिंग घालून पाच स्क्रू आवळले. टाकीत पेट्रोल ओतलं. काटा डुलत डुलत अर्ध्यावर जाऊन थांबला. असलं काम झालं की मी विडी पेटवून गाडीभोवती एक चक्कर मारायचो. त्या दिवशी विडी हातातच राहिली. मालकांना सांगायचं तर तात्यांचं जिणं संपतं, न सांगायचं तर चाळीस माणसं घाटात. सांगणारच होतो मी. पण जीभ उचलत नव्हती.

तेवढ्यात मनुबाई भाकरी घेऊन आली, आणि तिच्या मागोमाग लालासाहेब.

"झाला का काटा?"

"झाला," मी म्हणालो.

लालासाहेब खुशीत होते. केबिनच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "नाथाजीतात्या, दाबा स्विच. वाचा बघू, किती दावतोय?"

तात्यांनी स्विच दाबला. मनुबाई दुसऱ्या दाराशी उभी होती. तिनं आत डोकावून बघितलं आणि ओठातल्या ओठात बोलली, "अर्धा."

"अर्धा," तात्या मोठ्यानं म्हणाले.

"वा! बरोबर!" लालासाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आधी तात्या खाली उतरले. गाडीला हात लावत लावत लालासाहेबांपर्यंत आले, चाचपून त्यांचा हात धरला आणि त्यात किल्ली ठेवली.

"मालक, काटा मनूनं वाचला. मला दिसत न्हाई. दोन वर्सं झाली."

लालासाहेब आधी हसले. मग त्यांचं तोंड उतरलं. मग त्यांनी जो तोंडाचा पट्टा सोडला, तो माझ्यासारख्याला लाजवील असा. तात्यांना बोलले, मनुबाईला बोलले, मला तर का बोलले ते अजून कळलेलं नाही. तात्या सावधान उभे होते, मिलिटरीत साहेबापुढं राहावं तसे. मनुबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चूक माझी हाय मालक. त्येंच्याकडनं गाडी सुटली असती तर माझ्या हातनं ह्यो माणूस सुटला असता. म्हनून मी बसत गेली."

यावर लालासाहेब एकदम थांबले. टायरला टेकून खाली बसले. मला म्हणाले, "उद्या तू चालव." आणि तात्यांना म्हणाले, "दिवाळीच्या आत मिरजेच्या दवाखान्यात जाऊन डोळं करून घ्यायचं. न्हाई म्हनलासा तर उचलून न्हेईन." नेलंही तसंच. पुढं जाड भिंगाचा चष्मा लागला, तात्यांना माझ्या तोंडावरचे देवीचे वणही दिसायला लागले. पण ट्रक त्यांनी परत मागितला नाही.

शुक्रवारी पहाट फुटायला आम्ही निघालो. केबिनात माझ्या शेजारी लीलाबाई, आणि मागं हौद्यात गवतावर चाळीस माणसं. तात्या आणि मनुबाई अगदी केबिनला टेकून बसली होती. केबिनच्या मागं एक लहान खिडकी होती, तिच्यातनं तात्यांचा आवाज यायचा. "सयाजी, आता वड येईल, म्होरं खड्डा हाय." खड्डा यायचा. "दुसरा टाक." मी दुसरा गिअर टाकायचो आणि टाकतोय तोवर चढ लागायचा. दोन डोळे उघडे असून मला जे उशिरा दिसायचं, ते त्यांना आधी कळायचं. मला राग यायला हवा होता, आला नाही. विटा गेलं, मायणी गेली, दोन्हीकडं मोकळा माळ लागला, आणि त्या आवाजामागं गाडी आपोआप चालल्यासारखी वाटायला लागली.

मग दहिवडीच्या पुढं आवाज बंद झाला. मी दोनदा हाक मारली, "तात्या, पुढं काय?" उत्तर नाही. रुसले, मी मनाशी म्हणालो. इतका वेळ धीर धरला, आता गाडी दुसऱ्याच्या हातात बघून पोटात तुटलं असेल. शेवटचा चढ मी एकट्यानं, जीव मुठीत धरून चढवला.

वर पोहोचल्यावर धावत मागं गेलो आणि फाळका खाली पाडला. सगळा हौदा गप्प होता. चाळीस माणसं, त्यात पोरं, पण कुणी ब्र काढत नव्हतं. अंजनानं ओठांवर बोट ठेवून मला खुणावलं.

तात्या पाठ ताठ करून बसले होते, पाय मुंग्या येऊन आखडलेले, पण ते हलत नव्हते. मनुबाईचं डोकं त्यांच्या खांद्यावर पडलं होतं. पदर सरकलेला, तोंड जरासं उघडं, अशी गाढ झोपली होती की गाडी थांबलेलीही तिला कळली नव्हती.

"दहिवडीपासनं निजलीया," तात्या अगदी हळू म्हणाले. "माझ्या गाडीत तिला कवा डोळा मिटता आला न्हाई रं. उठवू नगंस."

बायकांनी चपला हातात घेतल्या. पोरांना एकेक करून मी कडेवर उतरवून घेतलं. आम्ही सगळे पायऱ्या चढून देवाला गेलो, आणि ती दोघं तशीच ट्रकात बसून राहिली.